टाकीतला कापूस

शिवणाच्या कारखान्यात कापड कापणाऱ्या मोठ्या सुनेला सगळे 'कात्री' म्हणत. ते नाव तिच्या हाताला शोभायचं आणि जिभेलाही. पण धाकट्या जावेनं वरच्या मजल्यावर माशांची टाकी आणली, तेव्हापासून कात्री घरात गप्प गप्प असायची. आतल्या आत जळायची.

घरातलं एकेक माणूस जिना चढू लागलं. आधी मुलं, मग नवरा, आणि एक दिवस सासूबाईंनी आपली वेताची खुर्चीसुद्धा वर न्यायला लावली. इतकी वर्षं ती कात्रीच्या खिडकीशी असायची. गुडघे धरून, कठड्याला रेलत सासूबाई वर निघाल्या की कात्रीला मिरच्या झोंबायच्या. "माझ्या चहाला आता चव राहिली नाही वाटतं," असं ती भांड्यांना ऐकवायची.

शेवटी तिनंही टाकी आणली, धाकटीच्या टाकीपेक्षा वीतभर मोठी. सोनेरी मासे सोडले. सगळे एकदा बघून, छान म्हणून, पुन्हा वर गेले.

थोड्याच दिवसांत पाणी गढूळलं. तळच्या खड्यांवर पिंजलेल्या कापसासारखी पांढरी बुरशी धरली. तिनं खडे घासले, पाणी बदललं. बुरशी पुन्हा हजर. मग एका माशाच्या शेपटीला तसाच झुबका लागला.

"हे धाकटीचंच काम," ती नवऱ्याला म्हणाली. "मी कामावर गेले की खाली येऊन काहीतरी टाकते."

"तिला काय पडलंय?"

"तुम्ही तिचीच बाजू घ्या!"

एका दुपारी कारखान्यातली वीज गेली आणि कात्री लवकर घरी आली. दार ढकललं तर टाकीजवळच्या स्टुलावर सासूबाई. हातात पाव, मांडीवर चुरा. एकेक चिमूट पाण्यात सोडत त्या माशांशी बोलत होत्या, "खा रे राजांनो. ती बिचारी दिवसभर राबते, तुमच्याकडे बघणार कोण?"

कात्री उंबऱ्यातच थबकली. "आई, तुम्ही रोज येता इथे?"

सासूबाईंनी पाव पदराआड लपवला. "दुपारी येते. वर ती मला कशालाच हात लावू देत नाही. इथे कसं, आपलं वाटतं."

कात्रीचा राग कुठल्या कुठे गेला. पण मासा आडवा होऊन तरंगत होता. नाक मुठीत धरून ती वर गेली आणि धाकटीला बोलावून आणलं.

धाकटीनं वाकून पाहिलं. "ताई, उरलेलं खाणं कुजतंय तळाशी. त्यावरच ही बुरशी धरते." तिनं नळी लावून तळातला गाळ ओढून काढला, थोडं पाणी बदललं, आजारी माशाला वेगळ्या टबात मिठाच्या पाण्यात ठेवलं. "पण एवढा पाव घालतं कोण?"

"आई घालतात. रोज दुपारी इथेच असतात ना त्या," कात्री शक्य तितक्या सहज म्हणाली.

धाकटीचा हात नळीवरच थांबला. "मला म्हणाल्या, दुपारी देवळात जाते." चेहरा एवढासा झाला तिचा.

कात्रीला ते बघून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची थोडी लाजही वाटली. तिनं धाकटीपुढे चहा ठेवला.

मासा वाचला, शेपटी मात्र अर्धी झडली. सासूबाईंना आता रोज एकच चिमूट मिळते, तीही माशांच्या खाद्याची. धाकटी हल्ली दुपारी काही ना काही निमित्त काढून खाली डोकावते.