मागून येणारा नवरा

माझं लग्न झालेलं नाही, पण डहाणूत नोकरीला असताना मला एक नवरा होता. तो फक्त रविवारी असायचा आणि कायम माझ्या मागून येत असायचा.

२०१५ साली बदली होऊन मी तिथे आले आणि सरावलीत खोली घेतली. आठवडाभर कचेरीत बसून काढल्यावर रविवारी चालले नाही, तर माझं डोकं फिरतं. चालायचं तेही एकटीने. बडबडत डोंगर चढणाऱ्यांचा मला राग येतो. सुरुवातीला मी चिखल्याच्या किनाऱ्यावर जायचे. तिथे एकदा सुरूच्या झाडांखाली मोटरसायकलवरचे दोघे माझ्या पुढेमागे घिरट्या घालायला लागले. "एकट्याच का मॅडम?" एकाने विचारलं. "मिस्टर मागून येतायत," मी म्हटलं. कसं सुचलं कोण जाणे, पण मोटरसायकल निघून गेली. इतक्याशा वाक्याने काम झालं याचा मला आनंद व्हायला हवा होता, झाला संताप. तरी दुसऱ्या दिवशी डहाणू रोडच्या बाजारात जाऊन मी एक खोटं मंगळसूत्र विकत घेतलंच.

पुढे मला तलासरीकडचे डोंगर सापडले आणि नवराही वाढत गेला. इतका मागे कसा राहतो, असं कुणी विचारलं म्हणून मी त्याला गुडघेदुखी दिली. मग थोडं पोट दिलं. "ऐकतच नाहीत हो माझं," असं कौतुकाने कुरकुरायलाही शिकले. भीतीपोटी सुरू केलेल्या थापेत मला चक्क मजा येऊ लागली होती.

एका हिवाळ्यात, भाताची झोडणी संपल्यावर, मी एका नव्या डोंगरावर निघाले. जीप डांबरी रस्त्यावर सोडायची. तिथून ओढा ओलांडून पाड्यात जायचं आणि पाड्यामागून वर. पहिल्याच घरापुढे एक मावशी सुपात नागली पाखडत बसली होती.

"एकटीच आलीस, बाय?" तिने विचारलं.

तिच्या विचारण्यात काहीच वावगं नव्हतं. पण मी सवयीने नवरा काढला. मागून येतायत, गुडघे धरलेत, येतील हळूहळू. तिने ओढ्याकडे एकदा पाहिलं आणि मान हलवली. मी वर गेले, माथ्यावर डबा खाल्ला, मनसोक्त लोळले. पलीकडच्या बाजूला एक छान पायवाट दिसली, तिनेच उतरून संध्याकाळी घरी आले. नवरा पाड्याच्या वाटेवर राहिला, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

डोंगर आवडला होता, म्हणून पुढच्या रविवारी पुन्हा गेले. मला ओढ्यातून वर येताना पाहताच मावशी उठली, समोर आली आणि तिने माझा हात धरला.

"आला ना गं घरी तुझा नवरा?"

मला क्षणभर कळेचना, कुणाचा नवरा. मग तिने सगळं सांगितलं. तो दमून येईल म्हणून तिने अंगणात बाज टाकून ठेवली होती. त्याच्या वाट्याची पेज झाकून ठेवली होती. दिवस कलला तरी तो आला नाही, तेव्हा पाड्यातली माणसं झोळी घेऊन ओढ्यात उतरली. आजाऱ्याला रस्त्यापर्यंत न्यायची ती झोळी, बांबूला चादर बांधलेली. "गुडघे दुखतात बोललीस ना," मावशी म्हणाली. "चालता आलं नसतं तर? नाव तर ठावं नाय, मग पाव्हणं, पाव्हणं अशा हाका मारल्या."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मागे बाजेवर तिचा नवरा बसला होता. त्याच्या सुजलेल्या घोट्यावर हळदीचा लेप आणि वर फडकं. शोधताना पाय मुरगळला होता. तो हसत होता, आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

खरं सांगायला एक वाक्य पुरे होतं. तिथे मला कसलीही भीती नव्हती. पण मुळात नसलेल्याच माणसापायी हा पाय मुरगळला, हे त्याच्या तोंडावर कसं सांगायचं? किनाऱ्यावर मी भीतीने खोटं बोलले होते, त्याची मला आजही लाज नाही. इथे मी लाजेने खोटं बोलले.

"आले," मी म्हटलं. "दुसऱ्या वाटेने आले. बरे आहेत."

मावशीचा चेहरा सैलावला. ती आत जाऊन कसल्यातरी झाडाची साल घेऊन आली. उगाळून गुडघ्यांना लाव म्हणाली. मी ती घेतली. मग काहीतरी बोलायचं म्हणून तिच्या नवऱ्याला म्हटलं, "आमच्या ह्यांच्यामुळे तुम्हाला ओढ्यात केवढा त्रास झाला."

"ओढ्यात नाय," तो म्हणाला. "ओढ्यात थोडंच बघितलं. बाप्या माणूस तो, बसला असंल कुठं. पण तू वर एकटी होतीस ना. अंधार पडाया लागला, तवा सगळी वर गेलो. पाय वरच मुरगळला."

मी त्यांची कुणीही नसताना, नुसती एकटी आहे म्हणून, ती माणसं डोंगर चढली होती. आणि मी त्यांच्या अंगणात गळ्यात खोटं मंगळसूत्र घालून उभी होते. पाणी मागितलं, प्यायले. "पुढल्या वेळी त्यालाही घेऊन ये," मावशी म्हणाली. मी हो म्हटलं.

त्या दिवशी मी डोंगर चढले नाही. साल पिशवीत टाकून आल्या वाटेने परत फिरले. २०१९ पर्यंत मी डहाणूत होते, दुसरे कितीतरी डोंगर चढले, पण त्या पाड्यात पुन्हा गेले नाही. एकटीने जायला त्या डोंगराइतकी चांगली जागा मला कुठे मिळाली नव्हती, आणि नेमकं तिथेच आता नवऱ्याशिवाय जाता येणार नव्हतं.