मामींचे कोरे पाय

उंदीरमामा हे नाव मामांना गल्लीतल्या पोरांनी नाही, चांगल्या शिकल्यासवरलेल्या डॉक्टरांनी दिलं होतं. संशोधन संस्थेच्या तळघरात उंदरांची खोली होती आणि त्या खोलीत मामांचं राज्य. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या भरायच्या. नवा विद्यार्थी उंदीर धरायला बिचकला, की मामा तो अलगद तळहातावर घेऊन म्हणायचे, "घाबरलंय नक्की कोण, तू का तो? आधी ते ठरव." मामा म्हटल्यावर त्यांची बायको आपोआप सगळ्या संस्थेची मामी झाली.

मामी ग्रंथालयात कामाला होत्या. शिडीवर चढून वरच्या फळीवरची पुस्तकं काढून द्यायच्या, आणि "खालच्या पुस्तकांनी काय घोडं मारलंय?" असं वाचकाला तोंडावर विचारायच्याही. चाळिशी उलटली आणि त्यांचं डावं पाऊल लोंबायला लागलं. सपाट फरशीवर ठेच लागायची. मग उजवंही तसंच व्हायला लागलं. तपासण्या झाल्या, सुया टोचून झाल्या, आणि कळलं की पायांच्या नसा हळूहळू वाळत जाणार. औषध नाही. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि मामांच्या काळजात लक्कन हललं. दुःखानं नाही हो, आनंदानं! कारण तळघरातल्या डाव्या भिंतीचे सगळे पिंजरे त्याच आजाराचे होते.

त्या पिंजऱ्यांत मुद्दाम त्या आजाराचे वाढवलेले उंदीर असायचे. मागचे पाय फरफटत चालायचे बिचारे. प्रयोगाच्या मुख्य डॉक्टर, ज्यांना सगळे नुसतं मॅडम म्हणत, त्यांनी एक नवं औषध टोचायला सुरुवात केली, आणि महिना-दीड महिन्यात ते पठ्ठे पिंजऱ्याच्या जाळीवर चढायला लागले. मामा घरी आले ते चपला न काढताच ओरडले, "अगं, चढतात! जाळीवर चढतात!"

"कोण?"

"उंदीर!"

"त्यात काय नवल? आमच्या कपाटांवर रोज चढतात," मामी म्हणाल्या. पण सगळं ऐकल्यावर त्या तिथंच स्टुलावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. मग त्यांनी विचारलं, "आणि आता ते उंदीर कुठायत?" मामा चपला काढायला वाकले. बरे झालेले उंदीर मारून आतल्या नसा बघायच्या असतात, हे बायकोला कुठल्या तोंडानं सांगणार?

मॅडम खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. "माणसांपर्यंत यायला वेळ लागतो, मामा. दोन-तीन वर्षं तरी धरा," त्या म्हणाल्या. मामांना वाटलं, दोन-तीन वर्षं म्हणजे काय, हां हां म्हणता जातील.

इकडे हाडांच्या डॉक्टरांनी वेगळाच मार्ग सांगितला. पायातले जे स्नायू अजून जोरात आहेत ते वळवून पावलाला बांधायचे. "आजार बरा होणार नाही," ते म्हणाले, "चाल ताठ होईल, बदकासारखी दिसेल. पण कितीतरी वर्षं स्वतःच्या पायावर चालतील." मामी लगेच तयार झाल्या. बदक तर बदक.

आणि नेमकी इथंच माशी शिंकली. संस्थेच्या उपाहारगृहात चहा पिताना मॅडमच्या हाताखालचा एक विद्यार्थी, चष्मिस म्हणायचे त्याला, सहज बोलून गेला, "माणसांवर चाचणी होईल तेव्हा पायाचं ऑपरेशन झालेले रुग्ण घेणार नाहीत, मामा. औषधाचा गुण कुठला आणि ऑपरेशनचा कुठला, कळणार कसं?"

दुसऱ्या कुणाला हे समजलं नसतं. मामांना चटकन समजलं. सगळं आयुष्य त्यांनी तेच तर केलं होतं. प्रयोगाचा उंदीर कोरा लागतो. एकदा त्याच्यावर सुरी चालली की तो बाद. मामांनी त्या दिवसापासून मामींना कोरं ठेवलं. ऑपरेशन नाही, मालीशवाला नाही, कुणी सांगितलेला लेप नाही. "थोडी कळ काढ गं. औषध दाराशी आलंय," असं म्हणायचे. मामी चिडायच्या, अबोला धरायच्या, पुन्हा ऑपरेशनचा विषय काढायच्या. पण जाळीवर चढणारे उंदीर ज्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेत, त्या माणसाशी वाद तरी काय घालणार? शेवटी त्यांनी विश्वास ठेवला.

आणि औषध? औषध दाराशी कसलं, अजून घरातून निघालंच नव्हतं! आधी मॅडमचा निबंध छापून यायला दीड वर्ष गेलं, कारण तपासणाऱ्यांपैकी एक जण परदेशी फिरत होता. मग दुसऱ्या प्रयोगशाळेनं तेच पुन्हा करून बघितलं. मग मोठ्या जनावरांवर. मग एका कंपनीनं हक्क विकत घेतले आणि औषध कपाटात टाकलं. त्यांचं स्वतःचं दुसरं एक औषध बाजारात बरं चाललं होतं ना! ती कंपनी पुढे दुसरीनं गिळली. दुसरीला कपाट उघडायला दोन वर्षं लागली. मग परवानगी देणारी समिती. समितीचा अध्यक्ष निवृत्त झाला, नवा नेमायचा कुणी यावर दोन खात्यांची जुंपली, आणि भिजत पडलेलं घोंगडं आणखी भिजलं. यातला एकही माणूस वाईट नव्हता म्हणे. प्रत्येकाचं आपलं रास्त कारण होतं. आग लागो त्या रास्त कारणांना!

मामींची मात्र आधी शिडी सुटली, मग ग्रंथालय सुटलं. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पहिल्यांदा कठडा धरून उतरायच्या, मग बसून, एकेक पायरी घसरत. मग उतरायचंच बंद झालं. घरात भिंत धरून स्वयंपाकघरापर्यंत जायच्या आणि ओट्याला पोट टेकून पोळ्या लाटायच्या. मामा रोज कामावरून आले की खुशालीऐवजी बातमी सांगायचे. "आज मॅडम मीटिंगला गेल्यात." "आता फक्त सही राहिलीय." मामी म्हणायच्या, "बरं."

नऊ वर्षांनी चाचणी सुरू झाली. मॅडमनी स्वतः तळघरात येऊन सांगितलं. तोवर त्यांचेही केस पांढरे झाले होते. मामांनी टॅक्सी केली, शेजारच्या दोघांना हाताशी धरून मामींना खुर्चीसकट खाली आणलं. मामी ठेवणीतली साडी नेसल्या होत्या. किती दिवसांनी रस्ता बघत होत्या! टॅक्सीत त्या पोरीसारख्या काचेला नाक लावून बसल्या.

इस्पितळाच्या लांबलचक बोळात जमिनीवर लाल पट्ट्या चिकटवल्या होत्या, एक या टोकाला, एक त्या टोकाला. कुणाचाही आधार न घेता इकडून तिकडे चालून दाखवायचं. जमलं तर चाचणीत, नाहीतर घरी. मामांना हे त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

मामींच्या आधी एक बाई होती. साधारण त्यांच्याच वयाची, त्याच आजाराची. ती उठली आणि ताठ पावलांनी टक् टक् करत, डावी-उजवीकडे डुलत, एका पट्टीवरून निघाली ती थेट दुसऱ्या पट्टीवर पोचली. नर्सनं हसून मान डोलावली. बाई परत येऊन बाकावर टेकली तेव्हा मामींनी विचारलं, "असं चालायला कसं जमतं हो तुम्हाला?"

"ऑपरेशन केलंय ना!" ती म्हणाली. "सात-आठ वर्षं झाली. दिसतं बदकासारखं, पण माझं अडत नाही कुठं. भाजी आणायला मीच जाते."

मामींनी एकदाच मामांकडे बघितलं, आणि मामांनी मान खाली घातली.

मग मामींची पाळी आली. त्या उभ्या राहिल्या. पहिलं पाऊल पडलं, दुसरं पडलं, तिसऱ्याला गुडघा वळला आणि नर्सनं त्यांना वरच्या वर धरलं. पट्टी तशीच समोर लांब.

चाचणी बघायला आलेल्या मॅडम बोळातून निघाल्या होत्या, मामा त्यांच्या मागे धावले. त्यांनी अक्षरशः हात जोडले. "ऑपरेशन झालेले घेणार नव्हता ना तुम्ही? मी हिला हात लावू दिला नाही हो कुणाला!"

मॅडम चपापल्या. "ती अट? ती अगदी पहिल्या विचारात होती, मामा. तेव्हाच काढून टाकली. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

तळघरात येऊन कोण सांगणार? आणि कशाला?

मॅडमचे डोळे भरून आले. त्या खुर्चीजवळ येऊन मामींचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "चालू न शकणाऱ्यांना पुढच्या टप्प्यात घेऊ. चार-पाच वर्षं लागतील, पण—"

"ऐकलंस का?" मामा ताडकन म्हणाले. सवयच ती. "पुढच्या टप्प्यात घेणारेत गं! तोवर आपण—"

"गप्प बसा," मामी म्हणाल्या.

आवाज चढलेला नव्हता, पण बोळातली माणसं वळून बघायला लागली.

"नऊ वर्षं तुम्ही मला सांगत राहिलात आणि मी ऐकत राहिले. ती बाई आजारीच आहे, पण भाजी आणायला जाते. मला तेवढंच हवं होतं हो! बरं व्हायचं तुम्हाला होतं. मला नुसतं चालायचं होतं."

बाहेर टॅक्सी उभी होती. मामांनी उचलून घ्यायला खाली वाकून दोन्ही हात पुढे केले, पण मामींनी आपले हात मांडीवरून उचलले नाहीत. त्यांनी टॅक्सीवाल्याला हाक मारली.

"दादा, जरा उचलता का मला?"

त्यानं मामांकडे बघितलं, मग मामींकडे. मग त्यानं पुढे होऊन त्यांना उचललं आणि मागच्या सीटवर नीट बसवलं. मामा बाजूला उभे राहिले.