निळ्या तिकिटाचं पाकीट

सिताराम कासारे टपाल खात्यात सॉर्टर. एकवीस वर्षं त्याने लोकांची पत्रं खणांत टाकली. गावी असताना बापाला आलेलं पत्र पोस्टमन विटाळ नको म्हणून लांबूनच अंगणात फेकायचा, ते तो कधी विसरला नाही.

चौऱ्याऐंशी साली पनवेलच्या एका रद्दीवाल्याकडे त्याला एक पाकीट सापडलं. मिठाच्या व्यापाऱ्याला आलेलं, मोडीत पत्ता, वर १८५४ सालचं अर्ध्या आण्याचं निळं तिकीट, कात्रीने कापलेलं. मुंबईच्या तिकीट-संग्राहकांच्या मंडळात त्याला कायम मागची खुर्ची असे. मंडळी सगळी मोटारवाली. पण ते पाकीट पाहून चिटणीस श्यामसुंदर गुप्ते भिंग लावून पाच मिनिटं ते न्याहाळत राहिले.

"कासारे, शहाऐंशीच्या प्रदर्शनात हे तुमच्या नावाने मांडू. तोवर जपा. हवा लागू देऊ नका."

बस्स, त्या दिवसापासून सितारामचा जीव त्या पाकिटात. बापाला लांबून पत्र फेकणाऱ्या जगात आपलं नाव छापून लागणार, एवढंच त्याला हवं होतं.

पण घर वाशीला, आणि वाशीची ती हवा! खाडीच्या खाऱ्या वाऱ्याने खिडकीचं ग्रिल गंजायचं, कपाटातल्या लुगड्यांना बुरशी यायची. पंच्याऐंशीच्या पावसाळ्यात पाकिटाच्या कडेला तपकिरी ठिपका दिसला आणि सिताराम हवालदिल झाला. सेक्टरात तेव्हा लॅमिनेशनचं नवं दुकान निघालं होतं. लोक मार्कशीटं घेऊन रांगा लावत.

बायको सगुणा म्हणाली, "अहो, त्या साहेबांना एकदा विचारा तरी."

"दर गोष्टीला त्यांच्याच तोंडाकडे बघायचं का? आमाला काय अक्कल नाय?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. गरम यंत्रातून पाकीट बाहेर आलं ते चकचकीत, हवाबंद. त्या रात्री तो निवांत झोपला.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी गुप्त्यांनी भिंग उचललंही नाही.

"अहो, मेलं की हे! प्लास्टिक वितळून कागदाला चिकटलंय. आता ब्रह्मदेव आला तरी सुटायचं नाही."

"साहेब, तुमीच म्हणालात, हवा लागू देऊ नका."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. दहा वर्षं सिताराम त्या मंडळींबरोबर चहा प्यायला, पण जुना कागद कसा ठेवायचा हे मागच्या खुर्चीला सांगावं असं एकालाही वाटलं नव्हतं. मला त्या माणसांचा आजही राग येतो.

गुप्ते मात्र विचार करून म्हणाले, "जतन कसं करू नये, त्याचा नमुना म्हणून लावू या? नावासकट. लोकांना उपयोग होईल."

सितारामने पाकीट त्यांच्यापुढे सरकवलं. म्हणाला, "लावा."

दुसऱ्या दिवशी सगुणा ठेवणीतलं लुगडं नेसून आली. काचेखालची चिठ्ठी इंग्रजीत होती. नवऱ्याचं नाव तेवढं तिने एकेक अक्षर लावून ओळखलं आणि ती हरखून गेली.

"आणि वर काय लिहिलंय हो?"

"दुर्मिळ," सिताराम म्हणाला. "दुर्मिळ, असं लिहिलंय."