हिंमतराव सरांचं शुद्ध स्वीडिश

नारायणगुड्याच्या एका शाळेत तीस वर्षं संस्कृत शिकवून रिटायर झालेल्या हिंमतराव सरांनी, नातीला मराठी येत नाही म्हणून थेट स्वीडिशचं व्याकरणच हाती घेतलं. मुलगा रितेश स्टॉकहोमला, सून तिथलीच. सरांनी क्रियापदांचे तक्ते जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर लिहून भिंतभर लावले आणि रोज सकाळी घोकले. नियम मात्र जुनाच: चुकीचं वाक्य तोंडातून काढायचं नाही. त्यापायी त्यांनी निम्म्या नारायणगुड्याला बाकावर उभं केलं होतं.

दर रविवारी व्हिडिओ कॉल येई. सर डोळे मिटून मनातलं वाक्य तपासत बसत. तेवढ्यात त्यांच्या पत्नी सत्यवतीबाई मोबाइल ओढून घेत, "जेवली का गं टिल्डा? भेंडी खाती का?"

पाच वर्षांची टिल्डा खिदळत ओरडे, "नक्को आजी, नक्को!"

कॉल संपे, तेव्हा कुठे सरांचं वाक्य तयार होई.

वर्षभरानं एका रविवारी टिल्डानं बापाला स्वीडिशमध्ये विचारलं, "आजोबांना बोलता येत नाही का?"

सरांना शब्दन् शब्द कळला. सवयीनं त्यांनी वाक्य तपासलं. त्यात एकही चूक नव्हती.