शिवू नको

लेक काल येऊन गेली. न्हाणीत तिच्या औषधी साबणाचा वास अजून हाय. त्या वासानं एक जुनी दुपार आठवली.

लेक तवा साथीच्या रोगांची डॉक्टर होऊन डॉक्टरीच्या कॉलेजात नुकती शिकवायला लागली होती. लई दिसांनी नांदूरघाटला घरी आली, तर तिची माय पिठाचे हात घेऊन तशीच अंगणात पळाली. लेक मागं सरली. "माय, शिवू नको! वार्डातून आलेय, आधी अंघोळ करू दे."

माय हसली. "सासूनं इटाळ पाळला, आता लेक बी पाळती का गं?" मी बी हसलो.

लेक न्हाणीत शिरायच्या आतच फोन वाजला. वार्डात पेशंट लई अवघड झाला होता. ती उभ्याउभ्या परत फिरली. गाडी दिसेनाशी होईस्तोवर माय पिठाचे हात पुढं धरून उभी होती. मला वाटलं, येईल की परत, कुठं जाती.

पुढं येत गेली. पण आधी न्हाणी, मग माय. कॉलेजातल्या पोरांना बी पहिला धडा तोच शिकवती म्हणं.

औंदा बायको गेली. लेक गाडीतून उतरली ती थेट मायच्या अंगावर पडली. न्हाणीकडं बघितलं बी न्हाई. पर मायचे हात काई पुढं आले न्हाईत.