चढण नव्हे, फाटे

हेडमास्तर खडू स्वतःच्या खिशातून आणत. माझ्या हाताचा त्यांना चालत नसे. त्या दिवशी माझा उत्क्रांतीचा तास मध्येच थांबवून त्यांनी फळ्यावर शिडी काढली. खाली मासा, मध्ये माकड, वर माणूस. मग माणसाच्या पायरीचे चार भाग केले.

"उर्दू शाळेत आमी याला इर्तिका शिकलो. म्हणजे चढण," ते म्हणाले. "काही लोक कवाच चढले, काही अजून चढायलेत. बाई, तुमची पायरी कोणती? खूण करा. पोरींनाही कळू द्या."

पुढच्या बाकावरची मुलगी वही तोंडावर धरून हसली.

मी पिंगळीच्या महारवाड्यातली. वडील रेल्वेत गँगमन. हैदराबादेत बी.एस्सी. झाले, परभणीत शिकवू लागले. संशोधनाच्या शिष्यवृत्तीसाठी हेडमास्तरांची शिफारस हवी होती. अर्ज त्यांनी आठवडाभर अडवून ठेवला होता. सगळ्यात खालच्या भागावर खूण केली तर सही. त्यांना ठाऊक होते. मलाही.

मी माझा खडू उचलला.

शिडी पुसली. एका बिंदूपासून फुटत जाणाऱ्या रेषा काढल्या.

"मुलींनो, ज्या ग्रंथातून हा विचार जगभर गेला, त्यात एकच आकृती आहे. अशी. इथे फाटे आहेत, पायऱ्या नाहीत. चढण आपल्या शब्दात आहे, निसर्गात नाही."

"बाई, मंग सगळ्यात वर कोण हाय?" मागून प्रश्न आला.

"कुणीच नाही."

हेडमास्तर हसले. "लय शिकलात! आता सही कुणाची घेता ते बघू."

संध्याकाळी अर्ज सहीविना परत आला. वडील हादरले. "एक खूणच तं मागितली व्हती, माय. केली असती तं काय बिघडलं असतं?"

मी त्यांच्यावर रागावले नाही. म्हणतील तिथे मान खाली घालूनच त्यांनी मला शिकवले होते.

सकाळच्या टपालाने अर्ज धाडला. शिफारशीच्या रकान्यात आडवी रेघ मारली. विषयही बदलला. आधी होता, गोदावरीतले शिंपले. आता लिहिले: विज्ञानाच्या नावाने माणसांची प्रतवारी कुणी, कधी आणि कशासाठी मांडली, याचा इतिहास.

नाकारला, तर पुन्हा धाडीन. त्या इतिहासात परदेशी पंडित येतील, आमची पाठ्यपुस्तके येतील, परभणीतले वर्ग येतील. आणि शिकवणाऱ्यांची नावे मी गाळणार नाही.