कोपीतला गारवा

"मग घरकुल कशाला पायजे तुला? तुझ्याकडं फुकटचा एसी हाय की!"

साहेब हसून म्हणाले. साहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. त्यांच्या मागं उभे असलेले सगळे हसले. प्राचार्य हसले, आमचे सर हसले, माझ्या वर्गातली मुलं हसली. माझी माय कोपीत चुलीपुढं बसली होती. तीही हसली.

एप्रिलची दुपार होती. बीडमधल्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मैदानात ती कोपी उभी होती. कोपी म्हणजे ऊसतोड कामगारांचं झोपडं. आत बांबू, त्यावर चटई, वरून उसाचं पाचट. जवळजवळ रांगत आत जावं लागतं. माझे मायबाप दिवाळी झाली की कारखान्यावर जातात, ते उन्हाळा लागेपर्यंत असल्याच कोपीत राहतात. लहानपणी मीही राहिले. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच.

कॉलेजात प्रोजेक्टचं प्रदर्शन होतं, विषय पर्यावरणपूरक घरं. बाकीच्यांनी थर्माकोलच्या इमारती केल्या, गच्च्यांवर हिरवा कागद चिकटवला. सर मला म्हणाले, "तुझे आईवडील तोडीला जातात ना? त्यांनाच बोलव. खरीखुरी कोपी उभी करू."

मी घरी चाचरत सांगितलं. मायनं एवढंच विचारलं, "साहेब येणार हायती का?"

तिला साहेबांशी सरकारी घरकुलाबद्दल बोलायचं होतं. तोडीवरून आलो की आम्ही नाल्याकाठच्या वस्तीत पत्र्याच्या खोलीत राहतो. उन्हाळ्यात दुपारी पत्र्याखाली बसवत नाही. वस्तीतल्या बाया लेकरं घेऊन सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसतात, पेशंट असल्यासारख्या. वॉचमन हाकलेपर्यंत. मागच्या मे महिन्यात माय खोलीतच चक्कर येऊन पडली. पावसाळ्यात नाला आत येतो. डोक्यावर स्लॅब, एवढंच तिचं मागणं. पण जागा आमच्या नावावर नाही, म्हणून घरकुल अडलंय. साहेबांनी एक फोन केला तर होईल, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं.

सकाळी दोघांनी कोपी उभी केली. सर म्हणाले, "मावशी, आत चूल पेटवून बसा. भाकरी थापा. जिवंत वाटलं पाहिजे." खरं तर कोपीत कुणी चूल मांडत नाही. पाचट पेटायची भीती असते. माय पाण्याची बादली जवळ घेऊन बसली. बापाला सरांनी कोयता घेऊन बाहेर बसवलं. एक मुलगा फोटो काढत म्हणाला, "काका, कोयता जरा वर धरा ना." बापानं धरला.

भाषणं एसी हॉलमध्ये झाली. मग साहेब बाहेर आले. वाकून त्यांनी डोकं आत घातलं. धूर लागला तसं मागं घेतलं.

"वा! काय मावशे, गार वाटतंय ना?"

मायचा पदर घामानं भिजला होता. चेहरा लालबुंद.

"व्हय साहेब," ती म्हणाली, "लई गार हाय."

एवढ्या मोठ्या माणसाला तोंडावर नाही कसं म्हणायचं? मग तिनं धीर करून घरकुलाचं काढलं. तेव्हा साहेब ते एसीचं वाक्य बोलले.

हसणं थांबलं नव्हतं. सरांनी माईक माझ्यापुढं धरला. "ही आपलीच विद्यार्थिनी. सांग, कोपीत किती नैसर्गिक गारवा असतो."

मला चारचौघांत बोलता येत नाही. वर्गात उत्तर येत असलं तरी माझा हात वर होत नाही. माय माझ्याकडं बघत होती. गोड बोल, असं तिचे डोळे सांगत होते. मला ते कळलं होतं.

"गार नसतं," मी म्हणाले. "उन्हात उकडतं. थंडीत झोप येत नाही. अवकाळी आला की सगळं भिजतं. माय आत्ता उकडून निघालीय. तुम्ही विचारलं म्हणून ती गार म्हणाली."

माईक माझ्यापुढून गेला. साहेब फोनवर बोलत गाडीकडं निघाले. एवढंच झालं.

माय बाहेर आली. "कावून बोललीस गं? साहेब हसत व्हते. हसणारा माणूस काम करतो. आता कुणाकडं जायचं?"

बाप कोपीचे दोर सोडायला लागला. सर धावत आले. "काका, प्रदर्शन उद्याही आहे. राहू द्या."

बापाचा हात थांबला. तो माझ्याकडं बघत राहिला.

"सोडा, अण्णा," मी बापाला म्हणाले.

"मग प्रोजेक्टच्या मार्कांचं विसर," सर म्हणाले.

मी बांबू उपटायला लागले.

मार्क गेले. घरकुल झालं नाही. माय अजूनही म्हणते, तू गप बसली असतीस तर औंदा स्लॅब पडला असता. तिचंच खरं असेल. मला माहीत नाही. दुपारी ती पत्र्याखाली पडून असते, मी कापड ओलं करून तिच्या कपाळावर ठेवते. ते लगेच वाळतं. मी पुन्हा ओलं करते. दुसरं काही मला करता येत नाही.

पण उद्या मी इंजिनिअर होईन. लोक घरांच्या नकाशांवर माझी सही मागतील. ज्या छताखाली मला मे महिन्यातली दुपार काढता येणार नाही, तिथं माझी सही पडणार नाही. समोर साहेब असोत नाहीतर सर. नोकरी गेली तर जाऊ दे.